कान्हचे पाणी फरक्क्याला मोजा

मा. सदस्य (भारतीय पक्ष),
भारत-बांगलादेश संयुक्त नदी आयोग, नवी दिल्ली
यांस सादर नमस्कार.

मी इंदूरला राहते. चाळीस वर्षे इथल्या न्यायालयात वकिली केली. खटले बहुतेक जमिनीचे, बांधाचे, पाटाच्या पाण्याचे. आंतरराष्ट्रीय करारांशी माझा कामाचा संबंध कधी आला नाही. तरी हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण १२ डिसेंबर १९९६ ला झालेल्या गंगा पाणीवाटप कराराची मुदत तीस वर्षांची होती आणि ती १२ डिसेंबर २०२६ ला पुरी होते. पुढचा करार कसा असावा याचा विचार करणाऱ्यांत तुम्ही आहात. त्या कागदात माझ्या शहराचे नाव येईल असे कुणाच्या स्वप्नातही नसेल. ते यावे अशी माझी विनंती आहे.

माझे घर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून चालत दहा मिनिटांवर. होळकरांच्या त्या समाधी-छत्र्यांच्या पायथ्याशी कान्ह नदी वाहते. माझी आजी हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी वाळूची पिंड घेऊन तिथल्या पायऱ्या उतरायची, बरोबर आम्ही चार-पाच पोरी. माझे लग्न ठरेपर्यंत ते थांबले होते. पाण्याजवळ उभे राहवत नसे. विसर्जन घरच्या बादलीत होऊ लागले आणि ते पाणी तुळशीला घालायचे, असे आईने ठरवले.

हे पाणी जाते कुठे, हे मला पन्नाशीपर्यंत नीट ठाऊक नव्हते. कान्ह इंदुरातून उत्तरेला निघते आणि उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. क्षिप्रा महिदपूरवरून पुढे चंबळेत जाते. (१८१७ मध्ये होळकरांचे राज्य ज्या लढाईत खचले, ती याच महिदपूरला, याच नदीकाठी झाली.) चंबळ गांधीसागर, कोटा, धोलपूर करत पचनद्याजवळ यमुनेला मिळते, यमुना प्रयागराजला गंगेला, आणि गंगा पश्चिम बंगालमधले फरक्क्याचे धरण ओलांडून वीसेक किलोमीटरच्या आत बांगलादेशच्या सीमेला भिडते. तिथून पुढे तिला पद्मा म्हणतात. राजशाही शहर तिच्या काठावर आहे. खुद्द चंबळही आमच्याच जिल्ह्यातली, महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावलेली.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. इंदूर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. नर्मदाकाठच्या जलूदहून ते पंपांनी डोंगर चढवून आणतात. नर्मदा पश्चिमेला वाहणारी, अरबी समुद्राला मिळणारी. म्हणजे आम्ही एका खोऱ्यातले पाणी उचलतो, वापरतो, आणि त्याचे सांडपाणी दुसऱ्या खोऱ्यात सोडतो, जे खोरे आपले एकट्याचे नाही. नर्मदेच्या वाटपासाठी लवाद बसला, चार राज्ये वर्षानुवर्षे भांडली. पण वापरून झालेले पाणी गंगेच्या खोऱ्यात उतरते, त्याबद्दल खालच्या अंगाला कुणाला विचारावे असे कुणाच्या मनात आल्याचे माझ्या वाचनात नाही.

तुमच्यातला एखादा अभियंता इथे मला थांबवेल आणि ते बरोबरच असेल. गांधीसागरासारख्या प्रचंड जलाशयात गाळ बसतो, वाहत्या पाण्यात सेंद्रिय घाण कुजून संपते. कोट्याच्या खाली चंबळेत घडियाल मगरी आणि डॉल्फिन राहतात, ते पाणी निर्मळ असल्याशिवाय राहिले नसते. कान्हची घाण जशीच्या तशी राजशाहीला पोहोचते असे माझे म्हणणे नाही. पहिला मार उज्जैनला, मग महिदपूरला, आपल्याच माणसांना बसतो. पण जे कुजत नाही ते प्लास्टिक, ते क्षार, गाळाला चिकटलेले जड धातू, यांना सीमा कळत नाही. आणि फरक्क्याला येणारी गंगा म्हणजे इंदूरसारख्या शेकडो शहरांची बेरीज आहे. प्रत्येकाने ‘माझा वाटा किती तो!’ म्हणायचे ठरवले, तर त्या बेरजेला कुणीच जबाबदार उरत नाही. पाटाच्या खटल्यांत हाच बचाव मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि काही वेळा, पक्षकारासाठी, स्वतः केलाही आहे. त्याची मला आज खंत वाटते.

१९९६ चा करार मी शब्दन् शब्द वाचला. बारा कलमे आहेत. सगळा हिशेब क्युसेकचा, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी याचा. १ जानेवारी ते ३१ मे या काळात फरक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी आले तर निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० आले तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले आपल्याला. ७५,००० च्या वर आले तर आपल्याला ४०,००० आणि बाकी त्यांचे. ११ मार्च ते १० मे या सर्वांत कोरड्या दोन महिन्यांत दहा-दहा दिवसांच्या पाळ्या, आणि आलटून पालटून तीन-तीन पाळ्यांत ३५,००० क्युसेकची हमी. पाटकऱ्याने पाळीपत्रक लावावे तसेच हे आहे, आणि मी ते कौतुकाने म्हणते. पाळीपत्रक नसेल तर काय होते ते मी पाहिले आहे. पण या बाराही कलमांत ते पाणी कसे असावे याचा एक मापदंड नाही. ३५,००० क्युसेक पाणी दिले की करार पाळला गेला, मग त्यात काहीही असो.

हे आपल्याला सुचत नव्हते असे मानायला जागा नाही. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत सह्या झालेल्या सिंधू करारात, चौथ्या कलमाच्या दहाव्या पोटकलमात, दोन्ही देशांनी लिहून दिले होते की नद्यांचे अवाजवी प्रदूषण शक्य तितके टाळू, आणि सांडपाणी किंवा कारखान्यांचे पाणी नदीत सोडण्याआधी गरज असेल तिथे त्यावर प्रक्रिया होईल अशी व्यवस्था करू. तो करार एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित ठेवला. त्या निर्णयात मी शिरत नाही, त्याची कारणे वेगळी आहेत. मला एवढेच दाखवायचे आहे की जे वाक्य आपण १९६० मध्ये, फाळणीच्या जखमा ताज्या असताना पाकिस्तानसाठी लिहू शकलो, ते छत्तीस वर्षांनी बांगलादेशासाठी लिहिले नाही.

आणि त्याच्याही आधी, १८८२ च्या इझमेंटच्या, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या, कायद्यात, ज्याच्यावर माझी अर्धी वकिली चालली, प्रत्येक जमीनमालकाचा हक्क म्हणून नोंदले आहे की त्याच्या जमिनीत येणारे पाणी वरच्याने अवाजवी घाण करता कामा नये. दोन शेतकऱ्यांमध्ये जे आपण मान्य केले, तेच दोन राष्ट्रांमध्ये मान्य करायला आपण का कचरतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

ऱ्हाइन नदीची एक हकिगत सांगते. वकिलाला अशा हकिगतीची भूल पडतेच, तेवढे सोसून घ्या.

फ्रान्समध्ये आल्सास प्रांतात पोटॅशच्या खाणी होत्या. त्यांचे टाकाऊ मीठ ऱ्हाइनमध्ये सोडले जाई. खाली हॉलंडमध्ये काचघरांत भाजी-फुले पिकवणारे माळी तेच पाणी वापरत, आणि खारट पाण्याने त्यांची रोपे जळत. हॉलंड म्हणजे ऱ्हाइनचे टेल, पाटाचे शेवटचे टोक. आपल्याकडे टेलच्या शेतकऱ्याची जी गत, तीच त्यांची. त्यातल्या एका रोपवाटिकेने खाणीवर हॉलंडच्याच न्यायालयात दावा लावला. खाणीचे म्हणणे, घाण फ्रान्समध्ये सोडली, तर फिर्याद फ्रान्समध्येच चालवा. प्रश्न युरोपीय समुदायाच्या न्यायालयापुढे गेला आणि १९७६ मध्ये निकाल आला: नुकसान झालेला माणूस जिथे घाण सोडली तिथेही दावा करू शकतो, आणि जिथे नुकसान झाले तिथेही. निवड त्याची. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप लागली नाही. एका माळ्याला सरहद्दीपलीकडच्या खाणीला आपल्या गावच्या न्यायालयात उभे करता आले!

त्याच वर्षी पाच देशांनी मिठाबद्दल करार केला. खर्च त्यांतल्या चौघांनी वाटून घेतला: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के, आणि हॉलंड ३४ टक्के. होय, ज्याचे नुकसान होत होते त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलला. हे न्यायाचे झाले असे मला वाटत नाही, आणि बांगलादेशाकडून आपण असे काही मागू नये. पण यातून एक दिसते की पैशाचा हिशेब मांडून प्रश्न पुढे सरकवता येतो. तोही लगेच नव्हे. फ्रान्समधल्या विरोधामुळे करार लागू व्हायला १९८५ उजाडले. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९८६ ला, बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेले पाणी कीटकनाशकांसकट ऱ्हाइनमध्ये गेले, नदी तांबडी झाली, मैलोगणती मासे मेले. त्यानंतर नदीकाठच्या देशांनी १९८७ मध्ये कृतीकार्यक्रम ठरवला आणि त्याचे उद्दिष्ट एका माशाच्या नावाने लिहिले: २००० सालापर्यंत साल्मन ऱ्हाइनमध्ये परतला पाहिजे. साल्मन परतू लागला.

अमेरिका आणि कॅनडा यांनी तर १९०९ मध्येच सामायिक पाण्याच्या करारात लिहिले होते की एका बाजूने पाणी असे दूषित होऊ नये की दुसऱ्या बाजूच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा पोहोचेल. तरी ईरी सरोवर साठच्या दशकात शेवाळाने गुदमरले. नुसते वाक्य पुरत नाही, हेही खरे. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी त्या मोठ्या सरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा वेगळा करार केला, फॉस्फरस किती कमी करायचा ते ठरवले, आणि दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाला त्यावर नजर ठेवण्याचे काम दिले. वाक्याला आकडा जोडला तेव्हा ते कामाला आले.

भारताची अडचण मला ठाऊक आहे. २१ मे १९९७ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या करारावर मतदान झाले. १०३ बाजूने, ३ विरुद्ध, २७ तटस्थ, आणि तटस्थांत आपण. वादात तिसऱ्याने सक्तीने शिरावे हे आपल्याला नको होते. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना आपल्या नागरिकांसारखीच दाद मागता यावी, या कलमालाही आपली हरकत होती. ज्या तिघांनी विरोधात मत दिले त्यांत चीन होता. आज ब्रह्मपुत्रेवर, तिबेटात, चीनने अवाढव्य धरणाचे काम सुरू केले आहे. आपण तिथे खालच्या अंगाला आहोत. आधी कळवा, आकडे द्या, आमचे नुकसान करू नका, असे आपण चीनला सांगतो, आणि ते शंभर टक्के रास्त आहे. पण फरक्क्याला आपण वरच्या अंगाला आहोत. तिथे तेच नियम आपण होऊन लिहून दिले, तर ब्रह्मपुत्रेबद्दल बोलताना आपला शब्द वजनदार होईल. बांगलादेश २०२५ मध्ये हेलसिंकीच्या १९९२ च्या जलकरारात सामील झाला. दक्षिण आशियातून तो पहिलाच. त्या करारात प्रदूषण उगमाशीच रोखायचे बंधन आहे. उद्या चर्चेला बसताना समोरच्याच्या हातात तो कागद असेल.

माझ्या शहराच्या हातातही एक कागद आहे. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला, उदयपूरबरोबर, पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराखाली पाणथळ शहराची मान्यता मिळाली, भारतातली ही पहिलीच दोन शहरे. आमचा सिरपूर तलाव आणि यशवंतसागर रामसरच्या यादीत आहेत. शहराला अभिमान वाटला, मलाही वाटला. त्याच रामसर करारात, १९७१ च्या, पाचवे कलम आहे: जिथे जलव्यवस्था दोन सदस्य देशांची सामायिक असेल तिथे त्यांनी एकमेकांशी सल्लामसलत करावी. भारत १९८२ पासून सदस्य, बांगलादेश १९९२ पासून. यशवंतसागर ज्या गंभीर नदीवर आहे ती पुढे क्षिप्रेलाच मिळते, म्हणजे तीही त्याच वाटेने फरक्क्याला जाते. मानपत्र आम्ही घेतले आहे. त्या करारातले बंधनही आमच्याकडे यायला हवे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र अर्धवट होईल. इंदुराने काही केले नाही असे नाही. कबीटखेडीला मोठे शुद्धीकरण केंद्र आहे, नदीत थेट पडणारे हजारो नळ शहराने शोधून बंद केले, २०२१ मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून आमची निवड झाली. ज्यांनी ते नळ चिखलात उतरून शोधले त्या कामगारांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही छत्रीच्या पुलावर उभे राहिले की वास येतो. आणि उज्जैनला सिंहस्थ आला की कान्हचा प्रश्न वळसा घालून सोडवला जातो. २०१६ च्या आधी तिचे पाणी पाइपात घालून, रामघाट टाळून, खाली कालियादेहच्या बाजूला सोडले. २०२८ साठी आणखी मोठी बंद नलिका, काही भाग बोगद्यातून. स्नान करणाऱ्या लाखो लोकांसाठी हे आवश्यक असेल. पण पाणी नाहीसे होत नाही. ज्यांच्या गावाशी पाइपाचे तोंड उघडते त्यांना काय वाटते? त्यांना कुणी विचारले होते का? आपल्याच जिल्ह्याजिल्ह्यांत जर आपण घाण खाली ढकलण्याला उपाय म्हणत असू, तर देशाच्या वेशीबाहेर काय म्हणत असू?

जानापावच्या खालीच महू आहे, बाबासाहेबांचे जन्मगाव. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज यांचे काम त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी धरलेला आग्रह असा की नदी प्रांतांच्या हद्दीने कापता येत नाही, खोरे एक धरून विचार करायला हवा. दामोदर तेव्हा दोन प्रांतांतून वाहत होती. आणि ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष, तिच्या एक्कावन्नाव्या अनुच्छेदात आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल व करारांच्या बंधनांबद्दल आदर वाढवणे हे राज्याचे काम सांगितले आहे. चंबळेच्या उगमाशी जन्मलेल्या माणसाचा हा वारसा तुमच्या टेबलावर असावा, असे मला फार वाटते.

आता माझे मागणे. नव्या करारात पाण्याच्या गुणवत्तेचे कलम घाला. शब्द शोधायला लांब जायला नको, १९६० चे वाक्य तयार आहे, फक्त ‘शक्य तितके’ या शब्दांमागे आकडे जोडा. फरक्क्याला आणि पलीकडे पद्मेवरच्या हार्डिंज पुलाशी दोन्ही देशांची पथके कोरड्या हंगामात रोज प्रवाह मोजतात. त्याच लोकांनी, त्याच जागी, पाण्याची एक बाटलीही भरावी आणि दर दहा दिवसांच्या क्युसेकच्या तक्त्याशेजारी तिचा निकाल छापावा. अपघात झाला, कुठे रसायन सांडले, तर किती तासांत पलीकडे कळवायचे ते लिहा. वरच्या अंगाच्या मोठ्या शहरांची यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, आणि प्रत्येकाने दर वर्षी किती सांडपाणी निर्माण केले, किती शुद्ध केले, किती नदीत सोडले ते आयोगाला द्यावे. त्या यादीत इंदूर पहिल्या पानावर असू द्या. राजशाहीच्या मच्छीमाराला आमच्या न्यायालयात दावा करता यावा इतके आज मी मागत नाही, ती वाट लांबची आहे. पण त्याची तक्रार आयोगात नोंदली जावी आणि तिला लेखी उत्तर मिळावे, एवढे तरी होऊ शकते.

माझ्या शहराला बंधनात घाला असे मी इंदूरकर म्हणून सांगते आहे, इंदूरवरच्या रागाने नव्हे. बंधन आल्याशिवाय कुणी वरच्या अंगाचा माणूस आपला पाट साफ करत नाही, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे.

वाटाघाटींचा पुढचा टप्पा दिल्लीत असो की ढाक्यात, त्याआधी एक दिवस इंदूरला या. सकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावर भेटू, दुपारी त्रिवेणीला कान्ह क्षिप्रेत मिळते तिथे जाऊ, तासाभराचा रस्ता आहे. बांगलादेशाच्या सदस्यांनाही बरोबर आणा. पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या मी आणून ठेवते.

आपली नम्र,
कान्हकाठची एक रहिवासी
इंदूर